बाबांच्या नावाचं बिलबुक

नोकरी मी सोडली, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे नोकरीनं मला सोडलं, आणि तेही चहा पाजून. अकोल्याच्या एमआयडीसीत डाळ मिलच्या मशिनी बनवणारा एक लहानसा कारखाना होता, तिथं मी पॅनल बोर्डाचं काम करायचो. पॅनल बोर्ड म्हणजे लोखंडी कपाट. आत वायरींचा गुंता, बाहेर लाल-हिरवे दिवे आणि बटणं. मशीन चालायचं की नाही हे ते कपाट ठरवतं. एका दुपारी मालकानं मला केबिनमध्ये बोलावलं, स्वतःच्या हातानं कप पुढं सरकवला आणि म्हणाला, "किती दिवस दुसऱ्याची चाकरी करशीन? सोताचा धंदा कर. काम मीच देतो. हेच काम, याच टेबलावर. फक्त पगाराच्या जागी मले बिल देत जाय."

मला वाटलं, आपल्याला बढती मिळाली. अमरावतीला घरी जाताना अर्धा किलो पेढे घेतले. बायकोनं एक पेढा तोंडात टाकला आणि तो विरघळायच्या आत विचारलं, "पीएफ?"

"नाही."

"सुट्ट्या?"

"आपल्या आपण घ्यायच्या."

"दिवाळीचा बोनस?"

मी पुडा तिच्यापुढं सरकवला. ती म्हणाली, "तं मंग पेढे कायचे आनले?" आणि उरलेले पेढे तिनं शेजारी वाटून टाकले, कारण काहीही सांगून.

अशा रीतीनं मी स्वतंत्र कंत्राटदार झालो. या स्वातंत्र्याचा अर्थ असा, की आधी एक मालक माझ्यावर ओरडायचा, आता पंधरा ओरडू लागले. डाळ मिलवाले होते, कापसाचे जिनिंगवाले होते, आणि हळूहळू वरूड-शेंदूरजनाघाटचे संत्रेवालेही आले. संत्री धुऊन, मेण लावून, आकारानं वेगळी करणाऱ्या त्यांच्या मशिनी ऐन हंगामातच बंद पडतात. संत्रेवाल्याचा फोन आला की तो नमस्कारही म्हणत नाही. "ट्रक उभा हाय," एवढंच म्हणतो आणि ठेवून देतो. मग मी मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी बांधून निघायचं. पैसे मात्र हंगाम संपल्यावर. हंगाम संपला की भाव पडलेला असायचा, आणि पडलेल्या भावाची भरपाई माझ्या बिलातून व्हायची. टीडीएस मात्र एकजात सगळे वेळेवर कापायचे. दोन हजार द्यायला चार महिने लावणारा माणूस त्यातला सरकारचा हिस्सा अगदी भक्तिभावानं बाजूला काढायचा.

कराचं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. जुन्या मालकानंच एका सल्लागाराचा पत्ता दिला. अकोल्यातच, टायरच्या दुकानाच्या माडीवर. खोलीभर नाड्यांनी बांधलेल्या फायली, त्यांच्यामध्ये एक माणूस. त्यानं माझी वर्षभराची बिलं चाळली, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "घरी कोनी म्हातारं मानूस आहे का?"

मला वाटलं, आपुलकीनं विचारतो आहे. म्हटलं, "बाबा आहेत. सदुसष्ट वर्षांचे."

"तब्येत?"

"ठणठणीत."

"वा! शेती?"

"अकरा एकर. दर्यापूर तालुक्यात."

"वा, वा!" त्याला आनंद झाला, मुलीला स्थळ मिळाल्यावर बापाला होत असेल तेवढा. त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. "हे पाहा. तुमच्या नावावर बिल फाडाल तं कर लागते. बाबांच्या नावावर फाडा. म्हाताऱ्या मानसाले सूट जास्त, वरून शेतकरी. खातं त्यांचं, पॅन कार्ड त्यांचं, काम तुमचं. टेन्शन कायले घेता?"

आता कोणी विचारेल, यात तुला काही वावगं वाटलं नाही का? नाही वाटलं. आमच्या घरात सगळं बाबांच्याच नावावर असतं. वावर त्यांच्या नावावर, घर त्यांच्या नावावर, विहिरीवरच्या मोटरीचं मीटर त्यांच्या नावावर. मी ज्या मोटारसायकलवर जिल्हाभर फिरतो ती त्यांच्या नावावर आहे, आणि त्यांना सायकलसुद्धा चालवता येत नाही. आमच्याकडे बाप हयात असताना मुलानं स्वतःच्या नावावर काही घेतलं की गावात विचारतात, भांडण झालं का? तेव्हा धंदाही त्यांच्याच नावावर टाकणं मला लबाडी वाटली नाही. घरची रीत वाटली. शिवाय पैसे वाचत होते. पैसे वाचत असले की रीत फार लवकर पटते.

कागदपत्रं घेऊन गावी गेलो. सोयाबीन काढणीचे दिवस होते, बाबा थ्रेशरजवळ भुशानं पांढरे झालेले उभे होते. मी म्हटलं, "बाबा, सह्या पाहिजेत."

"कायच्या?"

"बँकेच्या."

"कुठं करू?"

एवढंच. त्यांची सही म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सुटं-सुटं आणि ठसठशीत. सात ठिकाणी सह्या करायला त्यांनी पंधरा मिनिटं घेतली, थ्रेशर तेवढा वेळ थांबवून ठेवला. बायका झाडाखाली बसून पाणी प्यायल्या. बाबांना सांगून टाकावं असं एकदा मनात आलं होतं. पण सांगायचं तर आधी मी नेमकं काय करतो हे सांगावं लागलं असतं, आणि मी नोकरी सोडल्यापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, "एक तारखेले पैसा येत नाई तं तो धंदा कायचा?" म्हणून मी विषयच टाळला.

तर धंद्याचे मालक बाबा झाले. बिलबुकावर त्यांचं नाव छापलं, खाली 'प्रोप्रायटर'. खातं दर्यापुरात, पण पासबुक, एटीएम कार्ड आणि मोबाईल नंबर माझा. गिऱ्हाइकांची समजूत झाली की मी नोकर आहे. आधी मला राग यायचा, मग त्यातली मजा कळली. शेंदूरजनाघाटचा एक पॅकिंगवाला भाव पाडायला लागला की मी म्हणायचो, "मालकाले विचारून सांगतो." मग बाहेर येऊन संत्र्याच्या झाडाखाली पाच मिनिटं उभा राहायचो, मोबाईल कानाला लावून उगाच हातवारे करायचो आणि चेहरा पाडून आत जायचो. "मालक नाही म्हणतात. डोकं लय गरम आहे त्यांचं." यातलं डोक्याचं अगदी खरं होतं.

वरूडच्या एकानं तर मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुमचा मालक लय चेंगट दिसते. तुमचा पगार तरी देते का टायमावर?"

मी म्हटलं, "कधी देते, कधी नाही."

त्याला माझी इतकी दया आली की निघताना संत्र्याची एक पेटी मोटारसायकलला बांधून दिली. मी घेतली. घरी बसून आम्ही दोघांनी ती आठवडाभर खाल्ली, आणि बायको दर संत्र्याला माझ्या मालकाला दुवा देत होती.

सल्लागार दरवर्षी बाबांचं रिटर्न भरायचा. कापलेला टीडीएस बहुतेक सगळा परत यायचा. तो आला की मी आणि बायको राजकमल चौकाकडे फिरायला जायचो, गिला वडा खायचो, एखादी साडी, एखादं भांडं. हा परत आलेला पैसा मला माझ्या हुशारीचं बक्षीस वाटायचा. पगारदार मित्रांना मी चारचौघांत सांगायचो, "अक्कल पाहिजे, अक्कल." आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

एका वर्षी शेंदूरजनाघाटला एका नव्या युनिटचं आख्खं काम मला मिळालं. संत्री वाहणाऱ्या पट्ट्यापासून वजनाच्या काट्यापर्यंत सगळं. मोठं बिल निघालं. त्या पावसाळ्यात रिफंड कमी आला, तर मी सल्लागाराशी फोनवर भांडलो. तो म्हणाला, "औंदा उत्पन्न सुटीच्या वर गेलं ना भाऊ. दहा हजाराच्या आसपास कर बसला. टीडीएसमधून वळता झाला, वरून काही भराचं नाई. खुश राहा." मी खूश राहिलो. म्हणजे चार दिवस चडफडलो आणि मग विसरलो.

पुढच्या उन्हाळ्यात सकाळी सकाळी बाबांचा फोन आला. बाबा फोन करत नाहीत, मिस्ड कॉल देतात. या वेळी फोन वाजतच राहिला, म्हणून मी कप हातात धरूनच तो उचलला.

"काय करून राहिला?"

"चहा पेऊन राहिलो, बाबा."

"मी इनकम टॅक्स भरतो म्हने."

कपातला चहा माझ्या लुंगीवर सांडला.

झालं होतं असं, की शेतकऱ्यांच्या खात्यात सरकारकडून वर्षाला तीनदा दोन-दोन हजार येतात, ते बाबांनाही यायचे. नियम स्वच्छ होता: जो आयकर भरतो त्याला ते मिळणार नाहीत, आणि मिळाले असतील तर परत करायचे. अशांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली होती. आमच्या गावातून चार नावं. एक निवृत्त मास्तर, एक चालू मास्तर, एक खताचा दुकानदार आणि चौथे बाबा. प्रत्येक नावापुढं एक शब्द होता, 'अपात्र'.

दोन-दोन हजारांनी बाबांचं काही अडत नव्हतं. पेरणीला ते एका दिवसात तेवढे उडवतात. पण तो शब्द त्यांना लागला. "मी अपात्र? पन्नास वर्सं झाली वावर करून राहिलो. माह्याइतकं पात्र कोन हाय या गावात? मास्तर? त्याले निंदन अन् डवरन यातला फरक समजत नाई. त्याच्या खाली माहं नाव!" आणि मग हुकूम आला, "तू शिकेल हायस ना? माह्या नावापुढचं ते अपात्र खोडून आन."

मी म्हटलं, "कॉम्प्युटरची चूक असंन, बाबा. पाहतो." पंधरा दिवस मी पाहतच राहिलो.

त्या पंधरा दिवसांत गावानं बाबांना सळो की पळो करून सोडलं. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "काका, वावरात हंडा सापडला का?" हनुमान जयंतीच्या वर्गणीला आलेल्यांनी नेहमीचे दोनशे घ्यायला नकार दिला आणि पावतीवर आपल्या मनानं दोन हजार लिहिलं. भाऊबंदांतल्या एकानं मुलीच्या लग्नाला हातउसने मागितले आणि नाही म्हटल्यावर भिंतीवरच्या यादीचा दाखला दिला. माझी आई फोनवर हसत होती. ती म्हणाली, "तुह्या बाबाले आता सारे लोक वाकून नमस्कार करते, अन् त्याईचं डोकं अजूकच फिरते."

शेवटी बाबांनीच हालचाल केली. सातबारा, आधार, पॅन, सगळं एका पिशवीत घालून ते शेअर जीपनं दर्यापूरला गेले. तहसीलीतल्या माणसानं नीट समजावून सांगितलं, "काका, तुमच्या पॅन कार्डावर धंदा दिसते. कोनीतरी कर भरला म्हनूनच नाव आलं." मग ते समोरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. त्या वेळी मी अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये, बोर्डात डोकं घालून उभा होतो. फोन वाजला.

"सापडलं!" बाबांचा आवाज चढलेला. "माह्या नावानं कोनतरी धंदा करून राहिलं. कॉम्प्युटरवाला म्हनते, आता एक आकडा येईन तुह्या फोनवर. कावून तुह्याच फोनवर येते ते मले नाई समजलं, पन येईन. तो सांग लवकर. आकडा सांगतला का सारं उघडते. मंग मी पोलिसात रिपोर्ट देतो."

मोबाईल थरथरला. सहा आकडे आले होते. मी त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो.

"आला का?"

"आला."

"मंग सांग ना! दहा मिनिटात बेकार होते म्हने तो."

मिलमध्ये तुरीच्या डाळीची धूळ उडत होती, घशात बसत होती. मी म्हटलं, "बाबा, तो धंदा माझा आहे."

मग बाबा कॉम्प्युटरवाल्याला म्हणाले, "बंद कर बाप्पा. किती झाले तुहे?"

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. आईमार्फत निरोप आला, की त्यांना त्या सल्लागाराला भेटायचं आहे. मी अमरावतीहून निघालो, ते गावाहून. अकोल्याच्या स्टँडवर ते आधीच येऊन बसले होते. धुतलेलं पांढरं धोतर, टोपी, मांडीवर तीच पिशवी. उन्हानं डांबर चपलांना चिकटत होतं. मी म्हटलं, "रस प्यायचा का?" ते उठून चालायला लागले.

सल्लागारानं त्यांना पाहताच हात जोडले. "या, या, काकाजी!" सात वर्षं ज्याची रिटर्नं भरली त्या माणसाला तो पहिल्यांदा पाहत होता. पाण्याचा ग्लास पुढं ठेवला. बाबांनी त्याला हात लावला नाही.

"मी मालक हाओ म्हने," बाबा म्हणाले. "मंग सांगा मले. काय काय धंदा केला मी?"

सल्लागारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं कॉम्प्युटरवर बाबांच्या नावाचं विवरण उघडलं आणि एकेक ओळ वाचू लागला. कुणी किती दिले, किती कापले. अकोल्याची डाळ मिल. वरूडचं पॅकिंग. पुन्हा वरूड. शेंदूरजनाघाट. दर्यापूरची जिनिंग.

"थांबा," बाबा म्हणाले. माझ्याकडे वळले. महिन्याभरात पहिल्यांदा. "त्या जिनिंगवर तं मी कापूस नेतो. ते मशीन तू बसवलं?"

"फक्त बोर्ड, बाबा."

"कापूस अडकते तिच्यात."

"ते माझ्याकडे नाही. ते मेकॅनिकलचं काम."

"हं," ते म्हणाले, आणि सल्लागाराला पुढं वाचायची खूण केली. शेवटपर्यंत ऐकलं. आकड्यांवर एक शब्द बोलले नाहीत. मी गाव सोडून नेमकं काय करतो, हे माझ्या बापाला एका परक्या माणसाच्या तोंडून, करकपातीच्या हिशोबातून कळत होतं. मला फार लाज वाटली. त्याच वेळी यादी मोठी आहे म्हणून थोडं बरंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं, त्याला मी काय करू?

वाचून झाल्यावर बाबांनी मुद्द्याला हात घातला. "आता ते अपात्र कसं खोडाचं?"

सल्लागारानं रुमालानं मान पुसली. "दोन रस्ते हाय, काकाजी. पहिला असा. तुमी लिहून द्याचं, का हा धंदा माहा नाई, पोराचा हाय, मले काईच मालूम नव्हतं. खरंच हाय ते. मंग आपन तहसीलीत अर्ज करू. तुमचं नाव साफ होऊ शकते. पन मंग हे सात वर्साचं उत्पन्न पोराच्या डोक्यावर जाईन. त्यानं लपवलं असा अर्थ निघते. कर, व्याज, दंड. किती बसंन ते मी आज नाई सांगू शकत. पन हलकं नाई बसनार."

"अन् दुसरा?"

"दुसरा म्हनजे जसं चालू हाय तसं राहू द्याचं. धंदा तुमचाच. घेतलेले हप्ते सरकारले वापस करा, विषय संपला. औंदापासून पोरगा सोताच्या नावानं बिल फाडंन. फक्त तुमचं नाव त्या यादीतून निघनार नाई."

पहिल्या रस्त्यावर सल्लागारालाही कोणीतरी विचारलं असतं, की ही युक्ती सुचवली कोणी. बाबांसाठी ठेवलेलं पाणी त्यानंच पिऊन टाकलं.

त्यानं एक कोरा कागद टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. बाबांनी पेन उचललं. आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या वेळी मी काय केलं, ते सांगतो. भिंतीवर खालच्या टायर दुकानाचं कॅलेंडर होतं. मी ते वाचायला लागलो. एकादशी कधी आहे ते पाहिलं, चतुर्थी कधी आहे ते पाहिलं. बडनेरा रोडला बायकोनं आणि मी एक प्लॉट बघून ठेवला होता, इसाराचे पैसे जमले होते, ते माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून चालले होते. काय बोलायला हवं, ते मला नीट माहीत होतं. दोनच शब्द होते. बाबा माझ्याकडे पाहतच होते, आणि मी कॅलेंडरवरच्या अमावस्येपर्यंत पोचलो होतो.

बाबांनी पेन खाली ठेवलं. "राहू द्या," ते म्हणाले. "राहू द्या माह्या नावावर."

सल्लागारानं एवढा मोठा श्वास सोडला की वरचे कागद हलले. त्यानं खालून थंडा मागवला. मीही एकदम मोकळा झालो आणि फार उदार झालो. "हप्ते वापस करायचे ते पैसे मी भरतो, बाबा," असं मी म्हटलं. बाबांनी थंडाही घेतला नाही.

मला मूर्तिजापूरवरून सरळ अमरावतीची गाडी होती, पण मी त्यांच्याबरोबर दर्यापूरच्या बसमध्ये बसलो. तेवढं तरी करावं म्हणून. वाटेत मी सारखा बोलत होतो. यंदापासून सगळं कसं कायदेशीर होईल, नवं बिलबुक माझ्या नावाचं छापीन, दर तीन महिन्यांनी आगाऊ कर भरीन, त्यासाठी वेगळं खातं काढीन, त्यातून साडीसुद्धा घेणार नाही. बसच्या खिडकीतून काळी उघडी रानं मागं जात होती आणि बाबा त्यांच्याकडे पाहत होते, कुणाची नांगरट झाली, कुणाची व्हायची आहे. म्हैसांगच्या थांब्यावर त्यांनी टोपी काढून घाम पुसला. मला वाटलं, निवळले.

दर्यापूरच्या स्टँडबाहेर गावची शेअर जीप भरत आली होती. ड्रायव्हरनं त्यांना ओळखून पुढची जागा रिकामी केली. "या, टॅक्सवाले काका!" मागच्या लोकांत हशा पिकला. बाबाही थोडं हसले. पिशवी आत ठेवली, एक पाय वर ठेवला आणि थांबले. मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "तू मले म्हनाले पाह्यजे होतं, बाबा सही करा म्हनून. मी केली नसतीच. पन तू म्हनाले पाह्यजे होतं."

ते वर चढले. ड्रायव्हरला आणखी एक गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून जीप तशीच पाच-सात मिनिटं उभी राहिली. मी खिडकीला हात टेकवून शेजारी उभा होतो. बाबा समोर पाहत बसले होते.